हौद्याला कोट कंपनीचा की बाहेरचा?

नवीन पिकअप बुक केल्याचं मागे लिहिलं होतं. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी विचारतंय, "हौद्याचं काय करताय? कोट मारून घेणार का? शोरूममधूनच घ्यायचा की बाहेर?" विचारणारे बहुतेक आपल्यातलेच. कुणी मासळी भरतो, कुणी चिरा, कुणी आंब्याच्या पेट्या. एकेकाला फोनवर उत्तर देऊन दमलो. म्हणून इथे लिहितोय, जरा सविस्तर. कारण यात पैशाचा हिशेब आहे तसा आणखी एक हिशेब आहे, आणि तो माझ्याकडून एकदा चुकलेला आहे.

इंजिन, मायलेज, हप्ता यावर आपण तासन्‌तास बोलतो. पण कोकणात पिकअप मरते ती हौद्यातून. पहाटे मिरकरवाड्यावर माल भरायचा, वर बर्फ टाकायचा आणि हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट करत कोल्हापूर गाठायचं. वाटेत बर्फ वितळतो. मासळीचं पाणी, रक्त, मीठ सगळं हौद्याच्या पन्हळीत उतरतं. क्रेट ओढून ओढून रंग आधीच खरवडलेला असतो. त्या चऱ्यांतून मीठ पत्र्यात शिरतं. वरून पाऊस चार महिने. माझ्या पहिल्या गाडीच्या हौद्याला तिसऱ्याच वर्षी फाळक्याच्या बिजागरीपाशी बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. (तेच पाणी घाटात वळणावर सांडतं आणि मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. त्यावर वेगळं लिहीन, तो विषय आपल्या सगळ्यांच्या अंगाशी येणारा आहे.)

तर हा स्प्रेचा कोट म्हणजे काय? रंग नव्हे. दोन पातळ पदार्थ असतात. एकात आयसोसायनेट नावाचं रसायन, दुसऱ्यात रेझिन. दोन्ही गनमध्ये एकत्र येतात, पत्र्यावर बसतात आणि बघता बघता घट्ट होतात. तयार होतो तो दोन-तीन मिलीमीटर जाडीचा, खरखरीत, रबरासारखा थर. चांगला बसला तर क्रेट घसरत नाही, पत्रा वाजत नाही, आणि मिठाचं पाणी पत्र्याला शिवतच नाही. गरम करून मोठ्या प्रेशरने मारायचं मशीन असतं, ते महाग. डबे ढवळून साध्या कॉम्प्रेसरवर मारायचं किटही मिळतं, ते स्वस्त. दोन्हीकडे खरी मेहनत आधीची असते. हुक आणि बोल्ट काढायचे, कंपनीचा गुळगुळीत रंग पॉलिशपेपरने खरबरीत करायचा, तेल-ग्रीस धुऊन काढायचं, पत्रा खडखडीत सुकवायचा. ही तयारी झाली नाही तर वरचा माल कितीही भारी असू दे, तो धरत नाही.

माझा आतेभाऊ मिशिगनमध्ये असतो. तिकडे थंडीत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, म्हणजे त्याच्या गाडीलाही आपल्यासारखाच खारा मार. त्याने दोन वर्षांपूर्वी पिकअप घेतली तेव्हा महिनाभर त्याच्या डोक्यात हेच होतं, कारखान्यातूनच लायनर मारून घ्यायचं की नंतर बाहेरच्या दुकानातून. तिकडे फोर्ड, शेवरोले, रॅम सगळ्यांकडे कारखान्यातून येणाऱ्या लायनरचा पर्याय असतो. टोयोटाने तर टॅकोमाचा हौदाच २००५ पासून पत्र्याऐवजी कंपोझिटचा केला, गंजायचा प्रश्नच मिटवला. भाऊ म्हणाला, कारखान्याचा कोट सगळीकडे सारखा बसतो, पैसे गाडीच्या कर्जातच जातात आणि गॅरंटी गाडीबरोबर असते. बाहेरचा जास्त जाड मारून मिळतो, फाळक्यावर आणि कडांवरही हवा तसा घेता येतो, चांगले दुकानदार तहहयात गॅरंटी देतात. पण कंपनीचा नवा रंग खरवडावा लागतो, आणि सगळं मारणाऱ्याच्या हातावर. किमतीत म्हणे फार फरक नाही. शेवटी त्याने कारखान्याचा घेतला. आपल्याकडे हा पर्यायच नाही. आपण धंद्याला ज्या पिकअप घेतो त्यांच्या हौद्यात कारखान्यातून येतो तो रंगवलेला पत्रा. पुढचं आपलं आपण बघायचं.

आपलं आपण कसं बघतो ते सांगतो.

२०१९ चा जुलै. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. तुम्हाला माहीतच आहे, गाडीची सगळी कामं आपण या ६१ दिवसांत उरकतो. बंदी उठली की गाडी एक दिवस उभी ठेवणं परवडत नाही. माझी दुसरी गाडी तेव्हा नवीन होती, पहिलीचा हौदा गेल्याचा धडा ताजा होता, म्हणून ठरवलं की हिला कोट मारायचाच. कोल्हापुरात एकाने ३२ हजार सांगितले आणि वर म्हणाला, "पावसाळ्यात आम्ही मारत नाही, ऑक्टोबरात या." मला हसू आलं. ऑक्टोबरात गाडी कोण उभी करणार? इकडे हायवेच्या कडेला एक गॅरेज होतं. नाव लिहीत नाही. त्याने १४ हजार सांगितले, घासाघीस करून १२ वर आणला. मनात खूश झालो, वीस हजार वाचवले म्हणून.

शेड म्हणजे वर पत्रे आणि तीन बाजूंनी उघडं. मारणारा पोरगा बावीस-तेवीसचा. हात चांगला होता त्याचा, कडा चिकटपट्टीने अगदी सरळ बंद केल्या होत्या. पाऊस थोडा उघडला होता. त्याने पत्र्यावर तळवा फिरवला आणि म्हणाला, "काका, ओल आहे अजून. दोन दिवस थांबूया का?" मी म्हटलं, "अरे १ तारखेला माल भरायचाय मला. हिटगन मार आणि उरक." मालक बाजूला उभा होता, तो म्हणाला, "होईल ओ." पोरगा काही बोलला नाही. त्याने हिटगन फिरवली आणि डबे ढवळायला घेतले.

तेवढ्यात पाऊस परत आला. तिरपा. शिंतोडे हौद्यावर यायला लागले. आणि मीच म्हटलं, "ती ताडपत्री खाली सोडा की!" मालकाने तिन्ही बाजूंच्या ताडपत्र्या सोडल्या. मी बाहेर टपरीवर जाऊन बसलो. आत पोरगा, तोंडाला रुमाल, डोळ्याला दोनशे रुपयांचा गॉगल. साधारण पाऊण तास कॉम्प्रेसरचा आवाज येत होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल, आणि खोकला थांबेना. मी त्याला चहा सांगितला. "त्रास होतो का रे?" विचारलंही. तो म्हणाला, "सवय आहे काका. रात्री जरा छाती भरते. रविवारी बरं असतं."

रविवारी बरं असतं. हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि चहाचे पैसे देऊन गाडी बघायला गेलो. काळाकुळकुळीत हौदा, एकदम नव्यासारखा दिसत होता. फोटो काढून तुम्हालाच दाखवला होता, जुन्या लोकांना आठवत असेल. तीनशेच्या वर लाइक होते.

पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात चाकांच्या वरच्या भागात फोड दिसले, मुगाएवढे. त्याचं कारण मला खूप नंतर कळलं. आयसोसायनेटची पाण्याशी गाठ पडली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. पत्र्यावर किंवा हवेत ओल असली की कोटात बुडबुडे राहतात. कोल्हापूरवाला पावसाळ्यात का मारत नव्हता ते हे. फोड फुटले की तिथून खारं पाणी आत जातं, आणि मग जे होतं ते साध्या रंगापेक्षा वाईट. साध्या पत्र्यावर गंज दिसतो तरी, उन्हात पाणी सुकतं तरी. या रबराखाली गेलेलं पाणी बाहेर येत नाही. वरून हौदा काळा आणि सुंदर, खालून पत्रा खलास. २०२३ मध्ये पासिंगच्या आधी पान्याने ठोकून बघितलं तर बद्द आवाज आला. कोपऱ्यातून ओढलं तर कोट भाकरीच्या पापुद्र्यासारखा वर आला आणि खाली पत्र्याच्या जागी तांबडा चुरा. वेल्डरने उरलेला कोट गॅसने जाळूनच काढला. त्या काळ्या धुरातही हेच विष परत सुटतं, हे तेव्हा ना त्याला माहीत ना मला. दोघे तिथेच उभे राहून गप्पा मारत होतो.

हौद्याचं तळ बदलायला २६ हजार गेले. १२ अधिक २६ किती होतात ते सांगायला नको.

तेव्हा भांडायला म्हणून त्या गॅरेजवर गेलो होतो. बिल नव्हतं, त्यामुळे भांडणही तोंडीच. तो पोरगा दिसला नाही म्हणून विचारलं. मालक म्हणाला, "सोडून गेला. दमा होता त्याला घरातूनच." मी ऐकलं आणि विसरलो. खरं सांगायचं तर माझं डोकं २६ हजारांत अडकलं होतं.

तो मला भेटला या वर्षी, मे महिन्यात. नवीन गाडीच्या कर्जाचे कागद झेरॉक्स करायला गेलो तर काउंटरवर तोच. त्यानेच ओळखलं. "काका, हौदा कसाय?" मला काय बोलावं कळेना. म्हटलं, गेला. तो म्हणाला, "जाणारच होता. ओल होती." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, त्याने सांगितलं ते असं. माझ्या गाडीनंतर दीडेक वर्ष तो तिथेच होता. खोकला वाढत गेला. मग एक दिवस असा आला की दुसरा माणूस मारत होता आणि हा नुसता शेडच्या दारात उभा होता, तरी छाती बंद झाली. रात्री दवाखान्यात नेलं. आधी क्षयाची तपासणी झाली, ती निघाली नाही. मग पंप दिला. तीन ठिकाणी दाखवलं. विडी ओढतोस का, घरात कुणाला आहे का, सगळं विचारलं. काम काय करतोस ते एकानेही विचारलं नाही. कागदावर नुसतं "दमा" आहे. घरात त्याच्या आधी कुणालाही नव्हता. आता अगरबत्तीच्या धुराने पण त्रास होतो, गणपतीत आरतीला तो अंगणात उभा राहतो. पगार गॅरेजच्या निम्मा. "पण इथे पंखा आहे," म्हणाला.

घरी येऊन मी वाचायला लागलो. आमचा आतेभाऊ पण बसला शोधायला. आयसोसायनेट हे नाव आपल्याला कुठून माहीत असायला हवं? भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र, ती वायू म्हणजे मिथाइल आयसोसायनेट. आपल्या कोटातलं रसायन ते नव्हे, हे स्पष्ट लिहितो, नाहीतर उद्या कुणीतरी माझ्या नावाने भलतंच पसरवील. कोटात बहुधा एमडीआय नावाचं असतं. ते त्या वायूसारखं पटकन हवेत उडत नाही. पण त्याच कुळातलं. आणि गनने मारलं की त्याचा बारीक तुषार होतो, आणि तो थेट छातीत जातो. कातडीवर सांडलं तरी त्याचा परिणाम होऊ शकतो. काही माणसांच्या शरीराला त्याची एकदा ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोडं, वासही येणार नाही इतकं थोडं, पुरतं. म्हणजे "वास येत नाही, मग काय होतंय" हे आपलं गणितच चूक. रुमालाने काही होत नाही. करोनात आपण लावायचो त्या मास्कनेही वाफ अडत नाही. त्याला लागतो तो तोंडभर मास्क, ज्याला बाहेरची स्वच्छ हवा नळीने येते.

हे आज कळलेलं नाही. २००३ मध्ये त्याच मिशिगन राज्यात एका गाडीला आतून हे लायनर मारताना एक कामगार दम्याच्या झटक्याने गेला. २००६ मध्ये अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेने खास ट्रकच्या हौद्याच्या लायनरवर इशारापत्रक काढलं. त्याच्या नावातच दमा आणि मृत्यू हे दोन्ही शब्द आहेत. २००६! माझ्या गाडीच्या तेरा वर्षं आधी.

मग भावाच्या त्या प्रश्नाकडे मी परत बघितलं, कारखान्याचं की बाहेरचं. आम्ही दोघं जाडी, गॅरंटी, डॉलर बोललो होतो. खरा फरक तो नव्हताच. कारखान्यात बंद बूथ असतो, हवा ओढून घेणारे पंखे असतात, बऱ्याच ठिकाणी गन रोबोटच्या हातात असते. बाहेरच्या दुकानात गन माणसाच्या हातात असते. चांगला दुकानदार त्या माणसाला बूथ आणि नळीचा मास्क देतो. वाईट दुकानदार रुमाल देतो, आणि ते वीस हजार आपल्याला सूट म्हणून परत करतो.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात काही रोगांची यादी होती, जे आढळले तर डॉक्टरने सरकारला कळवायचे. त्या यादीत आयसोसायनेटची विषबाधा होती. काळ्यावर पांढरं लिहिलेलं. पण ती कारखान्यातल्या कामगारासाठी. आणि कारखाना कशाला म्हणायचं? जुन्या कायद्यात विजेवर काम चालत असेल तर १० कामगार. २०२० च्या नव्या संहितेत तो आकडा २० केलाय. आपल्या हायवेच्या कडेचं गॅरेज म्हणजे मालक, दोन पोरं आणि एक पार्टटाइम वेल्डर. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त रुमाल बांधून काम चालतं तिथे ती यादी पोचतच नाही. लहान उद्योगांना त्रास नको म्हणून आकडा वाढवला म्हणतात. मीही लहान धंदेवाला आहे, इन्स्पेक्टर दारात आलेला मलाही नको असतो. तरी सांगतो, हे बरोबर नाही.

आता माझ्या नव्या गाडीचं.

शोरूममध्ये गेलो. सेल्सचा मुलगा गोड बोलणारा. म्हणाला, "सर, बाहेर नका जाऊ. आपल्याकडे कंपनी फिटेड लायनर आहे, २४ हजार, कर्जात ॲड करून देतो." मी म्हटलं, कंपनी म्हणजे कारखान्यातून येतं का? "म्हणजे आपल्याकडूनच होतं सर." कुठे होतं? इकडे वर्कशॉपला? मग तो जरा अडखळला. दोन चहा झाल्यावर कळलं की गाडी रात्री एका शेडवर जाते आणि सकाळी परत येते. कुठली शेड? तुम्ही ओळखलंच असेल. तीन बाजूंनी ताडपत्री. म्हणजे १२ हजारांचं काम, वर शोरूमचा शिक्का, आणि कंपनीचं म्हणून २४. पोरगा दुसरा असेल, रुमाल तोच.

म्हणून जे मला "कंपनीचा की बाहेरचा" विचारतायत त्यांना माझं पहिलं सांगणं हे, की आपल्याकडे कंपनीचा म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा शोरूमचं असतं, कंपनीचं नाही. बिलावर कुणाचं नाव आहे आणि गाडी कुठे जाते ते विचारा. गॅरंटी लेखी मागा. फोड आले तर कोण बघणार ते लिहून घ्या. हे विचारायला लाज वाटायचं कारण नाही, आपण साताठ लाखांच्या वर पैसे मोजतोय.

त्यानंतर मी तीन ठिकाणी गेलो आणि तिन्हीकडे भाव विचारायच्या आधी एकच विचारलं, मारणारा माणूस तोंडाला काय लावतो? एकाने सांगितलं, "तुम्हाला काय करायचंय? तुमचा हौदा चकाचक मिळेल." दुसऱ्याने खणातून एक मास्क काढून दाखवला, प्लॅस्टिकची पिशवीही फोडलेली नव्हती. तिसरा कोल्हापूरचा, तोच जुना ऑक्टोबरवाला. आता त्याचा भाव ४१ हजार आहे. त्याने मला बूथच्या दारापर्यंत नेलं आणि आत जायला मनाई केली, "चालू आहे, थांबा." मी थांबलो. काचेतून दिसलं, माणूस पायापासून डोक्यापर्यंत झाकलेला, मागे नळी.

घरी बायको म्हणाली, "४१? त्यात साधा रबरी मॅट चार वेळा येईल." तिचंही चूक नाही. साधा मॅट किंवा प्लॅस्टिकचा तयार साचा हा पर्याय आहेच, मी कुणाला नको म्हणणार नाही. फक्त त्याच्या खाली पाणी साचतं, म्हणून रोज रात्री उचलून हौदा गोड्या पाण्याने धुवायचा आणि सुकवायचा. ज्याच्या घरी माणसं आहेत आणि कंटाळा नाही, त्याने खुशाल तेच करावं. विष नाही, खर्च नाही. चिरा भरणाऱ्याने तर कोटाच्या भानगडीत पडूच नये, चेकर प्लेट टाकावी. मासळीवाल्याला मात्र चांगला कोट परवडतो, असं माझं गणित सांगतं. माझ्या १२ हजारांच्या कोटाने चार वर्षांत ३८ खाल्ले. ४१ चा सात-आठ वर्षं टिकला तरी मी फायद्यात आहे. भाऊ म्हणतो मी वेडा झालोय. असेन.

आणखी एक गोष्ट केली, ती होईल असं वाटत नाही पण सांगून ठेवतो. एक अर्ज दिला. आपल्या हायवेच्या कडेला असे कोट मारणारे, रंग मारणारे मोजले तर डझनभर निघतील. एकट्याला बूथ परवडत नाही हे मालकही खरंच सांगतात, ते सगळे काही राक्षस नाहीत. पण सगळ्यांनी मिळून एमआयडीसीत एक सामायिक बूथ उभा केला, नळीच्या मास्कसकट, आणि तासावर भाडं लावलं तर? ज्या कार्यालयात अर्ज दिला तिथल्या साहेबांनी वाचला आणि विचारलं, "तुमचं गॅरेज आहे का?" नाही म्हटलं. "मग तुमचा काय संबंध?" मी म्हटलं, माझा हौदा आहे. त्यांनी शिक्का मारून पोच दिली. गॅरेजवाल्यांपैकी चौघांशी बोललोय, दोघे तयार आहेत. आपल्या मासळी वाहतूकवाल्यांनी जर ठरवलं की बूथशिवाय मारणार नाही, तर उरलेले दोघेही तयार होतील. गिऱ्हाईक आपण आहोत. ज्यांना सही करायचीय त्यांनी मला फोन करा, अर्जाची दुसरी प्रत माझ्याकडे आहे.

कोल्हापूरची तारीख नवरात्रानंतरची मिळालीय. तोपर्यंत रबरी मॅट, आणि रोज रात्री पाण्याची नळी. १ ऑगस्टला पहिला माल भरला तेव्हा हौदा साधा, रंगवलेल्या पत्र्याचा होता. क्रेट सरकले की आवाज करतो.

झेरॉक्सवाल्या पोराला मी हे सगळं सांगायला गेलो होतो. वाटलं, त्याला बरं वाटेल. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, नळी बघितलीत ती ठीक. पण ती हवा कुठून घेते ते बघितलंत का? मी सगळं यूट्यूबवर बघितलंय आता. कॉम्प्रेसर आतच ठेवला असेल तर नळीतून पण तेच येतं."

मी बघितलं नव्हतं. परवा कोल्हापूरला माल उतरवल्यावर मुद्दाम गेलो आणि मालकाला विचारलं. त्याने मागच्या बाजूला नेलं. हवा घ्यायचं तोंड मागच्या भिंतीच्या बाहेर, बूथच्या पंख्यापासून लांब, वर जाळी बसवलेली, खाली तुळशीची कुंडी. फोटो काढला आणि पोराला पाठवला. रात्री त्याचं उत्तर आलं.

"बघितलं. जाळी महिन्याला साफ करतात का ते पण विचारा."

विचारतो.